अ, द आणि ट: फ्रोडो आतून कसा बदलतो, हे पहिल्याच वाचनात टिपायचं कसं

कॉलेजात असताना टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या फँटसी कादंबरीचा तिसरा खंड मी लायब्ररीतून आणला होता आणि परत करायची तारीख डोक्यावर आली होती. रात्र जागवून, कथेतली घातकी जादूची अंगठी ज्वालामुखीत पडून नष्ट होईपर्यंत वाचलं, 'झालं एकदाचं' म्हणून पुस्तक मिटलं आणि सकाळी देऊन टाकलं. उरलेली पानं म्हणजे हारतुरे आणि निरोप असणार, असा माझा समज. पुढची काही वर्षं मी लोकांना छातीठोकपणे सांगत होतो की ती अंगठी नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो जिंकला आणि सुखानं घरी गेला. मग एकदा पुस्तक विकत घेऊन नीट वाचलं तेव्हा कळलं, की शेवटच्या भागातल्या नऊ प्रकरणांपैकी तिसऱ्यातच अंगठी नष्ट होते. पुढे सहा प्रकरणं आहेत, आणि मी ज्याला जिंकलेला म्हणत होतो त्याचं खरं काय झालं ते त्यांतच आहे.

ही माझी चूक नव्या वाचकांकडून फार वेळा होते. चांदण्या रात्री आजीकडून ऐकलेल्या गोष्टीत राजपुत्र निघतो, राक्षस मारतो आणि परत येतो. परत आलेला राजपुत्र गेला होता तोच असतो, फक्त श्रीमंत आणि लग्न झालेला. फँटसी वाचताना आपण नकळत तोच साचा घेऊन बसतो. म्हणून हा लेख पहिल्यांदाच हे पुस्तक हातात घेणाऱ्यांसाठी आहे. सगळी कथा यात फुटणार आहे, तेव्हा ज्यांना शेवट माहीत करून घ्यायचा नाही त्यांनी इथेच थांबावं.

तयारी: पेन्सिल, आणि सिनेमा थोडा बाजूला

पुस्तक इंग्रजीत १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं. आत मात्र सहा भाग आहेत आणि सगळी मिळून ६२ प्रकरणं. इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद आहे. लाजायचं काही कारण नाही. मागची परिशिष्टं सुरुवातीला वाचू नका. त्यांतली तारखांची यादी तेवढी शेवटी लागेल.

२००१ ते २००३ मधले तीन सिनेमे बघितले असतील तर तीन गोष्टी डोक्यातून काढून टाका. पडद्यावरचा फ्रोडो कोवळा पोरगा आहे; पुस्तकातला प्रवासाला निघतो तेव्हा पन्नाशीचा आहे. सिनेमात तो सोबत आलेल्या इमानी नोकराला, सॅमला, जिन्यावरून घरी हाकलतो. पुस्तकात असं घडतच नाही. आणि घरी परतल्यावर शायर या त्यांच्या मुलखात जे घडतं, ते सिनेमानं वगळलं आहे. सिनेमे मला आवडतात, पण फ्रोडोच्या आत काय चाललंय हे बघायचं असेल तर ते वाट चुकवतात.

आता पेन्सिल घ्या. समासात तीनच खुणा करायच्या. अ म्हणजे अंगठी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची वेळ आली तो प्रसंग. द म्हणजे दया, मुख्यतः गोलम या, अंगठीपायी बिघडलेल्या प्राण्याबद्दल. ट म्हणजे फ्रोडोनं टाकलेली, सोडलेली वस्तू. लढाया, राजे, वंशावळी यांना खुणा नकोत. त्या लक्षात राहतातच, नाही राहिल्या तरी बिघडत नाही.

पायरी १: निघण्याआधीचा फ्रोडो लिहून ठेवा

बदल मोजायचा तर आधीचं माप हवं. बिल्बो या आपल्या वडीलधाऱ्या नातलगाच्या १११व्या वाढदिवसाला फ्रोडो ३३ वर्षांचा होतो. बिल्बोकडची अंगठी त्याच्याकडे येते आणि मग तब्बल सतरा वर्षं काहीच घडत नाही. खातो-पितो, फिरतो, पुस्तकं वाचतो. गावातले लोक त्याला जरा विचित्र समजतात, इतकंच.

मग गॅन्डाल्फ हा जादूगार परत येतो आणि अंगठीचा इतिहास सांगतो. या प्रकरणावर वेळ घालवा, कारण पुढच्या सगळ्या खुणांचं मूळ इथे आहे. दोन जागा पाहा.

पहिली शेकोटीपाशी. अंगठी नष्ट करायला हवी हे ऐकून फ्रोडो म्हणतो, करूया की. गॅन्डाल्फ म्हणतो, करून बघ. फ्रोडो अंगठी खिशातून काढतो, आगीत भिरकावणार असतो, तिच्याकडे बघतो, तळहातावर तोलतो. शेवटी मन घट्ट करून फेकल्यासारखा हात हलवतो आणि बघतो तर अंगठी त्यानंच परत खिशात घातलेली! समासात अ लिहा. ज्वालामुखीच्या तोंडाशी जे घडणार आहे त्याची ही रंगीत तालीम आहे, घरच्या शेकोटीसमोर, चोपन्न प्रकरणं आधी.

दुसरी जागा गोलमची. बिल्बोनं त्या नीच प्राण्याला अंगठी हाती आली तेव्हाच भोसकलं असतं तर बरं झालं असतं, असं फ्रोडो म्हणतो. त्याला गोलमची दया येत नाही आणि तसं तो सरळ सांगतो. गॅन्डाल्फ त्याला समजावतो, की बिल्बोचा हात दयेनंच आवरला होता, आणि ज्याला मेलेल्याला जिवंत करता येत नाही त्यानं कुणाला मरण वाटायची घाई करू नये. फ्रोडोला ते पटत नाही. इथे द लिहून त्यावर काट मारा.

पायरी २: 'अ'च्या खुणा एका ओळीत लावा

माझ्या मते पुस्तकातली सर्वांत शहाणी मांडणी हीच आहे, आणि घाईत वाचणाऱ्याच्या हातून ती हमखास निसटते. अंगठी कुणी मागितली, किंवा ती कुणाला द्यायची वेळ आली, की फ्रोडो काय करतो?

सुरुवातीला तो गॅन्डाल्फलाच ती घे म्हणतो. वाटेत भेटलेला टॉम बॉम्बाडिल मागतो तेव्हा फ्रोडो ती चटकन काढून देतो आणि आपण इतक्या सहज दिली याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटतं. पण परत मिळाल्यावर ही आपलीच ना, अशी शंका येऊन तो ती बोटात घालून बघतो. तेवढीशी गोष्ट, पण खूण करा.

एल्फ या अमर लोकांच्या रिव्हेन्डेलमध्ये म्हातारा बिल्बो म्हणतो, जरा बघू दे की मला. फ्रोडो हात मागे घेतो. त्या क्षणी त्याला समोर लाडका बिल्बो दिसत नाही. भुकेल्या चेहऱ्याचा, हाडकुळे हात पुढे करणारा, सुरकुतलेला कुणी प्राणी दिसतो आणि त्याला एक ठेवून द्यावीशी वाटते. बिल्बोला कळतं. तो माफी मागतो. अजून मोहीम सुरूसुद्धा झालेली नाही, हे विसरू नका.

दुसऱ्या दिवशी, अंगठीचं काय करायचं हे ठरवायच्या सभेत सगळे गप्प बसले असताना अंगठी मी नेतो म्हणणारा हाच फ्रोडो आहे. रस्ता माहीत नाही हेही तो सांगून टाकतो. आपल्याच तोंडून दुसरं कुणी बोलतंय असं त्याला वाटतं. बरेच वाचक या जागी 'नायकाचा जन्म झाला' असं म्हणतात. म्हणा, पण समासातला आदल्या रात्रीचा अ पुसू नका. दोन्ही एकाच माणसात आहेत.

लॉथलॉरियनच्या जंगलात एल्फांची स्वामिनी गॅलाड्रिएल हिला तो मनापासून अंगठी देऊ करतो. ती नाकारते. माझ्या वाचनात, त्यानं स्वतःहून कुणाला अंगठी देऊ केल्याची ही शेवटची वेळ.

आता थेट सहाव्या भागात या. शीलोब या महाकाय कोळिणीनं डंख मारून फ्रोडोला निपचित पाडलंय, ऑर्कांनी, म्हणजे शत्रूच्या राक्षसी सैनिकांनी, उचलून बुरुजात नेलंय. सॅमनं मधल्या काळात अंगठी सांभाळली आहे. तो जिवावर उदार होऊन बुरुजात शिरतो, फ्रोडोला सोडवतो आणि अंगठी परत देताना जरा घुटमळतो. ओझं फार झालं असेल तर थोडं मी वाहू का, असं विचारतो. फ्रोडो त्याला चोर म्हणतो आणि अंगठी हिसकावून घेतो. सॅमच्या जागी त्याला लाळ गाळणारा, हावरट डोळ्यांचा ऑर्क दिसतो. रिव्हेन्डेलमध्ये बिल्बोच्या जागी दिसलं तेच दृश्य. मग डोळ्यांपुढचं सावट सरतं, समोर गुडघ्यांवर रडणारा सॅम असतो आणि फ्रोडो कळवळून माफी मागतो.

ज्वालामुखी पर्वताच्या वाटेवर सॅम पुन्हा विचारतो. फ्रोडोचा हात तलवारीच्या मुठीकडे जातो. पण लगेच आवाज उतरतो आणि तो सांगतो, की ही आता माझ्याच्यानं देववणार नाही. तू घ्यायला आलास तर मी वेडा होईन. इथे थांबा. बुरुजात त्याला आपण काय केलं ते करून झाल्यावर कळलं होतं. इथे त्याला स्वतःचं काय झालंय ते आधीच माहीत आहे आणि तरीही त्यावर त्याची सत्ता चालत नाही. व्यसनी माणूस ज्यांनी घरात जवळून पाहिलाय त्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ३: 'द' उलट दिशेनं वाढते

एमिन मुइलच्या खडकांतला प्रसंग सावकाश वाचा. गोलमनं सॅमला विळखा घालून चावा घेतलाय. फ्रोडो त्याचे केस धरून मान मागे ओढतो आणि गळ्याला स्टिंग ही आपली तलवार लावतो. मारायची पूर्ण मुभा आहे, कारणही आहे. त्याच क्षणी त्याला घरच्या शेकोटीसमोरचं ते जुनं संभाषण आठवतं, शब्दन्‌शब्द. तो तलवार खाली घेतो आणि जणू गॅन्डाल्फशीच बोलावं तसं म्हणतो, की आता याला पाहिलं, आणि मला याची दया येते.

हे फक्त चांगुलपण आहे असं समजू नका. शायरमधल्या फ्रोडोला गोलम ही ऐकीव गोष्ट होती. आता अंगठी गळ्यात वागवून त्याला कळून चुकलंय की हा प्राणी म्हणजे आपलंच पुढचं रूप असू शकतं. सॅमला हे कळत नाही, कारण त्यानं अजून अंगठी वाहिलेली नाही. पुढे अगदी थोडा वेळ ती गळ्यात घातल्यावर पर्वतावर सॅमचाही हात अडतो. हाताशी आलेल्या गोलमला तो सोडून देतो. तिथेही द लिहा.

या दयेला धारही आहे. फ्रोडो गोलमकडून शपथ घेतो ती दरारा दाखवूनच. सॅमला त्या वेळी आपला मालक एकाएकी उंच, कठोर, तेज झाकून घेतलेल्या राजासारखा दिसतो आणि पायाशी कुत्र्यासारखा लोळणारा गोलम. हा दरारा फ्रोडोचा किती आणि अंगठीचा किती? मी चार वेळा पुस्तक वाचलंय, चारही वेळा मला वेगळं उत्तर सुचलं.

पायरी ४: 'ट', आणि नजर कुणाची ते बघा

मॉर्डोर या शत्रूच्या मुलखात शिरल्यावर टच्या खुणा दाटतात. स्टिंग तो सॅमला देऊन टाकतो. आपल्या हातून यापुढे वार व्हायचा नाही असं त्याला वाटतं. सोंग म्हणून अंगावर चढवलेली ऑर्कांची ढाल-शिरस्त्राणं फेकून देतो. सॅमला आपली स्वयंपाकाची भांडी टाकावी लागतात. ती तो अशी सहज टाकत नाही. भेगेपाशी नेऊन आत सोडतो आणि त्यांचा खणखणाट त्याच्या काळजाला लागतो. सॅमला टाकताना दुखतं, फ्रोडोला दुखत नाही. हा फरक समासात जरूर लिहा.

कारण फ्रोडोकडून आठवणीसुद्धा गेल्या आहेत. अन्नाची चव, पाण्याचा स्पर्श, झाड, गवत, फूल, काही म्हणता काही आता आठवत नाही, असं तो सॅमला सांगतो. जागेपणीही डोळ्यांपुढे फक्त आगीचं चाक. ज्या शायरसाठी निघाला त्या शायरचं चित्रही त्याच्यापाशी उरलेलं नाही. नव्या वाचकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो: चालणं, तहान, राख, पुन्हा चालणं. कंटाळा आला तर दोन पानं वाचून ठेवा, पण गाळू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. पहिल्या दोन भागांत आपण बराच वेळ फ्रोडोच्या मनात असतो. त्याची भीती, स्वप्नं थेट कळतात. चौथ्या भागापासून कथा हळूहळू सॅमच्या डोळ्यांकडे सरकते आणि सहाव्यात फ्रोडो आपल्याला जवळजवळ बाहेरूनच दिसतो: थरथरणारा हात, पुटपुटणारे ओठ. आत काय चाललंय याचा अंदाज सॅमला बांधावा लागतो तसा आपल्यालाही. आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखं होतं. स्वतः फँटसी लिहू पाहणाऱ्यांनी हे जरूर चोरावं. नायकाच्या वेदनेचं पानभर वर्णन करण्यापेक्षा त्याच्या शेजारच्याला बघत बसवणं कधीही जास्त परिणाम करतं.

तिसऱ्या आणि पाचव्या भागांतली एकवीस प्रकरणं फ्रोडो पानावर येतच नाही. पहिल्या वाचनात क्रमानंच वाचा. दुसऱ्या वेळी मात्र चौथा आणि सहावा भाग जोडून वाचून बघा.

पायरी ५: पर्वतावर निकाल देऊ नका

२५ मार्च. सॅमनं त्याला पाठीवर घेऊन वर चढवलंय. भेगेच्या काठावर फ्रोडो स्वच्छ आवाजात जाहीर करतो, की जे करायला आलो ते मी करणार नाही, अंगठी माझी आहे. आणि ती बोटात घालतो. गोलम झडप घालून बोटासकट अंगठी चावून तोडतो, आनंदानं नाचतो आणि तोल जाऊन आत पडतो. सिनेमात दोघांची झटापट होते. पुस्तकात गोलम आपला आपण पडतो.

म्हणजे नायक ऐन क्षणी हरला की! हो. टॉल्किननं १९६३ साली एका वाचकाला लिहिलेल्या उत्तरात हे मान्य केलंय, पण त्याला नैतिक पराभव म्हणायला नकार दिलाय. इतके महिने ते ओझं वाहिल्यावर, उपाशी आणि थकलेल्या अवस्थेत, त्या जागी कुणीही टिकला नसता. फ्रोडोनं स्वतःला पूर्ण खर्चून मोहीम जिथवर नेता येत होती तिथवर नेली, असं त्याचं म्हणणं. आणि फ्रोडोनं गोलमवर केलेली दयाच त्याच्या मदतीला आली. आता अ आणि द या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. एक खाली खाली जात होती, दुसरी वर. काठावर त्या एकमेकींना छेदतात. नंतर फ्रोडो गोलमबद्दल काय म्हणतो तेही बघा: तो नसता तर माझ्याकडून हे झालं नसतं, त्याला आपण क्षमा करू. पहिल्या प्रकरणांतला काट मारलेला द आठवला?

पायरी ६: उरलेली सहा प्रकरणं, कॅलेंडर घेऊन

इथे परिशिष्टातली तारखांची यादी उघडा. ६ ऑक्टोबरला वेदरटॉप टेकडीवर त्याच्या खांद्यात विषारी सुरा घुसला होता. बरोबर एका वर्षानं, घरी परतताना, ६ ऑक्टोबरलाच खांदा दुखू लागतो. काही जखमा पूर्ण बऱ्या होत नाहीत, असं गॅन्डाल्फ म्हणतो, आणि माझीही तशीच असेल, अशी भीती फ्रोडो बोलून दाखवतो. १३ मार्च ही शीलोबच्या विषाची तारीख. पुढच्या वर्षी त्याच दिवशी म्हातारा शेतकरी कॉटन त्याला बिछान्यावर पडलेला पाहतो. गळ्यातला पांढरा खडा मुठीत घट्ट धरलेला, अर्धवट शुद्धीत, ती कायमची गेली, आता सगळं अंधारलेलं आणि रिकामं आहे, असं पुटपुटणारा. सॅम त्या वेळी कामासाठी बाहेरगावी होता. फ्रोडो त्याला सांगत नाही.

नीट ऐका: त्याला अंगठीचा तिटकारा आलेला नाही, तिची आठवण येते. टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, फ्रान्समधल्या सोमच्या खंदकांत लढला होता आणि त्याच्या जिवलग मित्रांपैकी एकच त्या युद्धातून वाचला. कथेला रूपक म्हटलेलं त्याला खपत नसे, तेव्हा मी म्हणत नाही. पण वर्षाच्या ठरावीक दिवशी माणूस आतून कसा कोसळतो, हे त्यानं ऐकून लिहिलेलं वाटत नाही. आपल्याकडे महाभारतातही युद्ध जिंकल्यावर युधिष्ठिर सिंहासनाऐवजी वनाची भाषा करू लागतो. त्या ओळखीनं हा भाग वाचलात तर परका वाटणार नाही.

शायरमध्ये परतल्यावर गुंडांनी गाव बळकावलेलं असतं. फ्रोडोचे सोबती मेरी आणि पिपिन शिंग फुंकून लढाई उभी करतात. ते खरोखर मोठे होऊन आलेत, उंचीनंसुद्धा. फ्रोडो तलवार उपसत नाही. शरण आलेल्यांना कुणी मारू नये म्हणून मध्ये उभा राहतो. गुंडांमागचा जादूगार सारुमान त्याच्यावर सुरा चालवतो, आत मिथ्रिल या धातूचं चिलखत असल्यानं तो मोडतो, तरी फ्रोडो म्हणतो, सोडून द्या त्याला. सारुमानला हे मारापेक्षा झोंबतं. तू फार वाढलास, असं तो चिडून म्हणतो. फ्रोडो किती बदललाय हे पुस्तकात सर्वांत स्पष्ट शब्दांत बोलून दाखवणारा त्याचा शत्रू असावा, हे मला फार आवडतं.

गावात मात्र मान मेरी-पिपिनला मिळतो. सॅमचं लग्न होतं, मुलगी होते, तो झाडं लावतो. सॅमचा प्रवास तुम्हाला ओळखीच्या साच्यात बसेल: गेला, शिकला, परतला. म्हणूनच तो शेजारी हवा, नाहीतर फ्रोडोचं न परतणं नजरेत भरत नाही. परतल्यावर सुमारे दोन वर्षांनी, शायर वाचली, पण माझ्यासाठी नाही, असं सॅमला सांगून फ्रोडो जहाजानं निघून जातो.

निघण्याआधीच्या पानावर पेन्सिल तयार ठेवा. फ्रोडो सॅमसोबत आपले सगळे कागद चाळतो आणि घराच्या किल्ल्या त्याच्या हाती देतो. लाल कातडी बांधणीचं मोठं पुस्तकही देतो. आधी बिल्बोचं थरथरतं अक्षर, मग बहुतेक फ्रोडोचं. ८०वं प्रकरण अर्धवट आणि पुढे काही कोरी पानं. माझं संपलं, शेवटची पानं तुझी, असं तो म्हणतो. ज्या सॅमला बुरुजात त्यानं चोर म्हटलं होतं, त्यालाच. तिथे शेवटचा अ लिहा.